हस्तचलित धुलाई यंत्र

हस्तचलित धुलाई यंत्र म्हणजे वीज किंवा वाफ यांच्या साहाय्याशिवाय, माणसाने हाताने दांडा फिरवून किंवा तरफ हलवून चालवायचे कपडे धुण्याचे यंत्र होय. अठराव्या शतकाच्या मध्यापासून विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांपर्यंत यूरोप व उत्तर अमेरिकेत अशा यंत्रांचे अनेक प्रकार प्रचारात आले. आजच्या विद्युत धुलाई यंत्रातील फिरते पिंप, मागेपुढे फिरणारा घुसळक आणि पाणी काढून टाकण्याची स्वतंत्र व्यवस्था या तिन्ही कल्पना प्रथम हस्तचलित यंत्रांतच आकाराला आल्या. तंत्रज्ञानाच्या इतिहासाबरोबरच घरकाम आणि स्त्रियांचे श्रम यांच्या इतिहासातही या यंत्राला महत्त्वाचे स्थान आहे.

पार्श्वभूमी

कापडातील मळ दोन प्रकारे धरला गेलेला असतो. धूळ, माती यांसारखे कण धाग्यांच्या फटींत अडकलेले असतात, तर घाम व तेल यांचा चिकट थर धाग्यांना लागून राहतो. हा मळ सुटण्यासाठी पाण्यात साबण किंवा क्षार असावा लागतो, पाणी गरम असल्यास काम सोपे होते, कपडा काही काळ भिजावा लागतो आणि त्याला हालचाल द्यावी लागते. रसायन, तापमान, वेळ आणि यांत्रिक क्रिया या चार घटकांचा परस्परसंबंध जर्मन रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये एका वर्तुळाच्या रूपात मांडला. ते ‘सिनर वर्तुळ’ या नावाने ओळखले जाते. यांपैकी एक घटक कमी केला, तर दुसरा वाढवावा लागतो, हे त्याचे सार होय.

यंत्रापूर्वीच्या सर्व पद्धतींत यांत्रिक क्रियेचा भार माणसाच्या हातापायांवर होता. नदीकाठच्या दगडावर कपडे आपटणे, धोपाटण्याने बडवणे, पायांनी तुडवणे, हातांनी चोळणे व पिळणे या क्रिया जगात बहुतेक ठिकाणी आढळतात. महाराष्ट्रातील नद्यांचे घाट आणि विहिरींजवळचे धुण्याचे दगड याच पद्धतीचे साक्षीदार आहेत. उत्तर यूरोपात थंड हवामानामुळे वर्षातील बराच काळ धुणे घरात, लाकडी टबात व गरम पाण्यात करावे लागे. तेथे टबातील कपडे घुसळण्यासाठी ‘डॉली’ नावाचे साधन वापरीत. एका उभ्या दांड्याच्या खालच्या टोकाला तिपाईसारखे काही पाय आणि वरच्या टोकाला आडवी मूठ, अशी त्याची रचना असे. मूठ दोन्ही हातांनी धरून डावीउजवीकडे फिरवली की खालच्या पायांत अडकलेले कपडे पाण्यात घुसळले जात. पुढे पन्हळी पृष्ठभाग असलेली चोळण्याची फळीही प्रचारात आली. आरंभीच्या यंत्रांचा विचार करताना ही दोन साधने लक्षात ठेवणे उपयुक्त ठरते, कारण पुष्कळ यंत्रे म्हणजे डॉली किंवा पन्हळी फळी यांना दांडा व दंतचक्रे जोडून केलेली रूपांतरे होती.

इतिहास

इंग्लंडमध्ये धुण्याच्या यंत्राच्या वर्गात मोडणारे पहिले एकस्व (पेटंट) १६९१ मध्ये देण्यात आले. जानेवारी १७५२ मध्ये लंडनच्या ‘द जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात एका धुलाई यंत्राचे चित्र प्रसिद्ध झाले. त्यामुळे ही कल्पना सुशिक्षित वाचकवर्गापर्यंत पोहोचली.

जर्मनीत रेगेन्सबुर्ग येथील धर्मोपदेशक व निसर्गवैज्ञानिक याकोब क्रिस्टियान शेफर (१७१८–१७९०) यांनी १७६०च्या दशकात आपल्या यंत्राचे वर्णन पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. ‘सोयीचे व अत्यंत लाभदायक धुलाई यंत्र’ असा त्या पुस्तकाच्या शीर्षकाचा अर्थ होतो. अळंबी व कीटक यांवरील सचित्र ग्रंथांसाठी आणि चिंध्यांऐवजी वनस्पतींपासून कागद करण्याच्या प्रयोगांसाठी शेफर प्रसिद्ध होते. त्यांच्या यंत्रात झाकण असलेल्या लाकडी टबात घुसळणारी पाती बसवलेली असून ती वरच्या दांड्याने फिरवली जात.

१७८२ मध्ये हेन्री सिजियर यांना ब्रिटनमध्ये फिरत्या पिंपाच्या यंत्राचे एकस्व मिळाले. या यंत्रात लाकडी दांड्यांचा पिंजरा आडव्या आसाभोवती हाताने फिरवला जाई आणि दांड्यांमधील फटींतून पाणी आतबाहेर खेळत राही. १७९०च्या दशकात एडवर्ड बीथम यांनी इंग्लंडमध्ये ‘धुलाई गिरणी’ या नावाने अशी अनेक यंत्रे विकली. अमेरिकेत धुण्याविषयीचे पहिले एकस्व न्यू हॅम्पशायरमधील नॅथॅनियल ब्रिग्ज यांना १७९७ मध्ये देण्यात आले. १८३६ मध्ये अमेरिकेच्या एकस्व कार्यालयाला लागलेल्या आगीत तेथील जुनी कागदपत्रे नष्ट झाली. त्यामुळे ब्रिग्ज यांच्या यंत्राची प्रत्यक्ष रचना कळण्याचा मार्ग उरला नाही.

एकोणिसाव्या शतकात या क्षेत्रातील एकस्वांची संख्या झपाट्याने वाढली. १८४३ मध्ये कॅनडातील सेंट जॉन येथील जॉन टर्नबुल यांनी पिळण्याचे रूळ जोडलेल्या यंत्राचे एकस्व घेतले. अमेरिकेत जेम्स किंग (१८५१) व हॅमिल्टन स्मिथ (१८५८) यांनी फिरत्या पिंपाच्या रचनेत सुधारणा केल्या. १८६२च्या लंडन येथील आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात मँचेस्टरजवळच्या रिचर्ड लान्सडेल यांचे धुणे व पिळणे ही दोन्ही कामे करणारे यंत्र मांडण्यात आले होते. १८७६ मध्ये फिलाडेल्फिया येथील शताब्दी प्रदर्शनाच्या महिला दालनात मार्गारेट कोल्विन यांचे फिरते धुलाई यंत्र ठेवण्यात आले. इंडियाना राज्यातील विल्यम ब्लॅकस्टोन यांनी १८७४ मध्ये पत्नीला वाढदिवसाची भेट म्हणून घरगुती यंत्र तयार केले, अशी कथा सांगितली जाते. त्यांच्या यंत्रात लाकडी टबातील खुंट्यांची चकती दांड्याने मागेपुढे फिरवली जाई.

विसाव्या शतकाच्या आरंभी शेतीची व दुग्धव्यवसायाची अवजारे बनवणारे कारखाने या व्यवसायात उतरले. जर्मनीतील मीले या १८९९ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने दूध व लोणी काढण्याच्या यंत्रांनंतर लगेचच लाकडी टबाचे धुलाई यंत्र बाजारात आणले. अमेरिकेत शेतीची अवजारे बनवणाऱ्या मेटॅग कंपनीने १९०७ मध्ये ‘पासटाइम’ नावाचे हस्तचलित यंत्र काढले. लोणी घुसळणे आणि कपडे घुसळणे या क्रियांत यांत्रिक दृष्ट्या मोठे साम्य असल्याने हे स्थित्यंतर स्वाभाविक होते.

रचना

टब : आरंभीचे टब लाकडी असत. पिंपे बनवणारे कारागीर उभ्या फळ्या एकमेकींना भिडवून त्यांवर लोखंडी पट्टे ठोकीत. लाकूड पाणी शोषून फुगते व सांधे घट्ट होतात. मात्र टब बरेच दिवस कोरडा राहिल्यास फळ्या आकसून तो गळू लागतो. म्हणून दोन धुण्यांच्या मधल्या काळात टबात थोडे पाणी ठेवावे लागे. देवदार, सायप्रस यांसारखे ओलाव्यात लवकर न कुजणारे लाकूड पसंत केले जाई. लोखंड स्वस्त असले तरी गंजाचे डाग कपड्यांवर पडत. त्यामुळे पुढे जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा व तांबे यांचा वापर वाढला. लाकडाचा एक गुण मात्र धातूत नव्हता : ते उष्णतेचे मंद वाहक असल्याने पाणी अधिक काळ गरम राही.

घुसळक : टबातील कपड्यांना हालचाल देणारा हा भाग होय. खुंट्या बसवलेली चकती, पाती किंवा तिपाईसारखी डॉली अशी त्याची रूपे होती. तो एकाच दिशेने फिरत राहिल्यास कपडे त्याभोवती दोरासारखे गुंडाळले जातात आणि पाणी व कपडे एकत्रच फिरू लागतात. अशा वेळी कपडा व पाणी यांच्यात सापेक्ष गती जवळजवळ उरत नाही. परिणामी श्रम होतात, पण मळ निघत नाही. घुसळकाची दिशा सतत उलटसुलट करणे हा त्यावरील उपाय होता. हाताने डॉली फिरवणारी स्त्री तो सहज करीत असे. यंत्राला तो साधण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा द्यावी लागली.

दिशा बदलणारी यंत्रणा : माणसाला दांडा एकाच दिशेने फिरवत राहणे सोयीचे असते, कारण प्रत्येक वेळी थांबून दिशा उलटवण्यात बळ वाया जाते. म्हणून दांड्याच्या सलग फिरण्यातून घुसळकाची दोलनगती मिळवणे आवश्यक होते. त्यासाठी दांड्याच्या चाकावर केंद्रापासून काही अंतरावर एक खुंटी बसवून तिला संयोगदांडा जोडीत. चाक फिरू लागले की संयोगदांडा एका दंतुर पट्टीला मागेपुढे सरकवी आणि ही पट्टी घुसळकाच्या आसावरील लहान दंतचक्राला आधी एका व नंतर उलट दिशेला फिरवी. उदाहरणादाखल, खुंटी केंद्रापासून ८ सेंमी. अंतरावर असल्यास पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १६ सेंमी. सरकेल. दंतचक्राची त्रिज्या ५ सेंमी. धरल्यास घुसळक प्रत्येक वेळी सुमारे १८३ अंशांतून, म्हणजे अर्ध्या फेऱ्याहून किंचित अधिक फिरेल. खुंटीचे अंतर किंवा दंतचक्राची त्रिज्या बदलून हा कोन कमीजास्त करता येतो.

दांडा उभ्या प्रतलात फिरवणे सोयीचे, तर घुसळकाचा आस उभा असतो. या दोन गतींचा काटकोन जुळवण्यासाठी शंकूच्या आकाराची दंतचक्रे वापरली जात. ही यंत्रणा पुष्कळदा झाकणावरच बसवलेली असे. त्यामुळे झाकण उचलले की घुसळकही वर येई आणि कपडे काढणे सोपे होई.

प्रचक्र : ओल्या कपड्यांचा विरोध प्रत्येक क्षणी सारखा नसतो. दिशा बदलताना तो एकदम वाढतो. हा धक्का हाताला जाणवू नये म्हणून अनेक यंत्रांत जड ओतीव लोखंडाचे प्रचक्र बसवीत. विरोध कमी असताना ते ऊर्जा साठवते आणि वाढला की परत देते. त्यामुळे दांडा एकसारख्या गतीने फिरवता येतो.

पिळण्याचे रूळ : धुतलेल्या कपड्यातील पाणी काढण्यासाठी टबाच्या काठावर दोन आडवे रूळ एकावर एक बसवलेले असत. स्क्रू किंवा स्प्रिंग यांच्या साहाय्याने त्यांच्यातील दाब कमीजास्त करता येई. दांडा फिरवून कपडा रुळांमधून सरकवला की पिळून निघालेले पाणी पुन्हा टबात पडे. आरंभी हे रूळ लाकडी होते. गंधकाची प्रक्रिया करून रबर टिकाऊ करण्याची पद्धत १८४०च्या दशकात उपलब्ध झाल्यावर रबरी रूळ आले. रबर दबत असल्याने शिवणी व घड्या यांतून जाताना कपड्यावर कमी ताण येई. तरीही बटणे आतल्या बाजूस दुमडून घालावी लागत, अन्यथा ती तुटत. रुळांत बोटे सापडण्याचा धोकाही होता.

प्रमुख प्रकार

कार्यपद्धतीनुसार या यंत्रांचे चार ढोबळ प्रकार करता येतात.

घुसळक यंत्रात टब स्थिर असून आतील चकती किंवा डॉली फिरते. आजच्या वरून उघडणाऱ्या विद्युत यंत्रांशी त्याचे साम्य आहे.

झुलत्या यंत्रात टब किंवा त्यातील पन्हळी फळी पाळण्यासारखी मागेपुढे हलवली जाते. कपडे दोन पन्हळी पृष्ठभागांमध्ये घासले जातात. रचना सोपी व स्वस्त असली तरी घर्षणामुळे कपडे लवकर झिजतात.

पंप-पद्धतीच्या यंत्रात तरफेला जोडलेले घंटेच्या आकाराचे धातूचे भांडे कपड्यांवर दाबले व उचलले जाते. दाबताना साबणाचे पाणी कापडातून जोराने जाते आणि उचलताना ते पुन्हा ओढले जाते. हाताने कपडे चुबकण्याच्या क्रियेचे हे यांत्रिक रूप होय.

फिरत्या पिंपाच्या यंत्रात सच्छिद्र पिंप आडव्या आसाभोवती फिरते. कपडे पिंपाबरोबर वर जातात आणि ठरावीक उंचीवरून खाली पाण्यात पडतात. दगडावर कपडे आपटण्याची क्रिया येथे गुरुत्वाकर्षण करते. पिंप फार वेगाने फिरवल्यास कपडे भिंतीला चिकटून राहतात व खाली पडतच नाहीत. ३० सेंमी. त्रिज्येच्या पिंपासाठी ही मर्यादा गणिताने मिनिटाला सुमारे ५५ फेरे इतकी येते. म्हणजे या यंत्रात अधिक जोर लावून अधिक वेगाने दांडा फिरवणे निष्फळ ठरते, उलट संथ गतीच लाभदायक असते. समोरून उघडणारी आजची विद्युत यंत्रे धुताना पिंप याच कारणासाठी सावकाश फिरवतात आणि पाणी काढताना मात्र ही मर्यादा मुद्दाम ओलांडतात.

वापराची पद्धत

यंत्र असले तरी धुण्याचा दिवस दीर्घच असे. आदल्या दिवशी कपडे भिजत घालीत. दुसऱ्या दिवशी चुलीवर पाणी तापवून ते टबात ओतीत व त्यात साबणाचे तुकडे किंवा धुण्याचा सोडा विरघळवीत. आधी पांढरे व कमी मळलेले, नंतर रंगीत आणि शेवटी कामाचे मळके कपडे त्याच पाण्यात धूत, कारण गरम पाणी व साबण या दोन्ही मोलाच्या वस्तू होत्या. प्रत्येक फेरीत काही मिनिटे दांडा फिरवून कपडे रुळांतून काढीत. मग ते स्वच्छ पाण्यात खळबळून पुन्हा पिळीत. पांढऱ्या कपड्यांना नीळ व आवश्यक त्या कपड्यांना खळ देऊन ते वाळत घालीत.

यंत्राचे खरे लाभ दोन होते. हात पाण्याबाहेर राहत असल्याने सोसवणार नाही इतके गरम पाणी वापरता येई, आणि क्षारयुक्त पाण्याने हातांची कातडी सोलवटत नसे. शिवाय झाकणामुळे उष्णता टिकून राही.

मर्यादा

गळपट्टी, बाह्यांची टोके यांसारखे अधिक मळणारे भाग यंत्रात घालण्यापूर्वी किंवा नंतर हातानेच चोळावे लागत. दांडा फिरवणे हेही कष्टाचे काम होते. ओल्या कपड्यांनी भरलेला टब घुसळताना लागणारे बळ दंतचक्रे कमी करू शकत असली, तरी त्या प्रमाणात फेऱ्यांची संख्या वाढते. एकूण कार्य यंत्ररचनेने कमी होत नाही.

सर्वांत मोठी मर्यादा यंत्राबाहेरची होती. घरकामाच्या इतिहासकार सुझन स्ट्रॅसर यांनी ‘नेव्हर डन’ (१९८२) या ग्रंथात एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी धुण्याचा हिशेब मांडला आहे. एकदा धुणे, एकदा उकळणे व एकदा खळबळणे यांसाठी सुमारे ५० गॅलन, म्हणजे जवळजवळ १९० लिटर पाणी लागे. नळ नसलेल्या घरात हे सारे पाणी विहिरीवरून किंवा पंपावरून बादल्यांनी आणावे लागे, तापवावे लागे आणि शेवटी ओतून टाकावे लागे. धुलाई यंत्राने यांपैकी कोणतेच काम हलके केले नाही. धुणे खऱ्या अर्थाने सुकर होण्यास घरोघरी नळ, सांडपाण्याची व्यवस्था व वीज या तिन्हींची गरज होती.

सामाजिक संदर्भ

यूरोप-अमेरिकेत धुणे हे जवळजवळ संपूर्णपणे स्त्रियांचे काम होते. ऐपत असलेली घरे ते धुणाऱ्या बाईवर सोपवीत. यंत्रांच्या जाहिराती मात्र बहुधा गृहिणीला उद्देशून असत आणि श्रम व वेळ यांची बचत हा त्यांचा मुख्य मुद्दा असे. इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी ‘मोअर वर्क फॉर मदर’ (१९८३) या ग्रंथात या दाव्याची चिकित्सा केली आहे. त्यांच्या मते घरगुती यंत्रांमुळे एकेका कामाचे कष्ट कमी झाले, तरी स्वच्छतेच्या अपेक्षा वाढल्या. पूर्वी बाहेर दिले जाणारे किंवा मदतनीसांकडून होणारे काम एकट्या गृहिणीवर आले, आणि तिचा एकूण वेळ अपेक्षेइतका वाचला नाही.

यंत्रांच्या निर्मितीतील स्त्रियांचा वाटाही पुष्कळदा अदृश्य राहिला. वॉशिंग्टन येथील एलेन एग्लिन या कृष्णवर्णीय स्त्रीने कपडे पिळण्याचे यंत्र तयार करून त्याचे हक्क १८८८ मध्ये केवळ १८ डॉलरना विकले, असे ‘द वुमन इन्व्हेंटर’ या नियतकालिकात १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. हे यंत्र कृष्णवर्णीय स्त्रीचे आहे असे कळल्यास गोऱ्या स्त्रिया ते विकत घेणार नाहीत, असे कारण तिने दिल्याचे त्यात नमूद आहे. त्या यंत्राच्या एकस्वावर तिचे नाव आले नाही.

ऱ्हास व पुढील उपयोग

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विद्युत धुलाई यंत्रे बाजारात येऊ लागली. आरंभीच्या अनेक विद्युत यंत्रांत जुनाच टब व घुसळक कायम ठेवून दांड्याच्या जागी केवळ चलित्र जोडलेले होते. पिळण्याचे रूळही पुढे कित्येक वर्षे टिकून राहिले. वीज न पोहोचलेल्या ग्रामीण भागांत हस्तचलित यंत्रे त्यानंतरही वापरात होती.

एकविसाव्या शतकात ही कल्पना पुन्हा पुढे आली आहे. ब्रिटिश अभियंते नवज्योत सॉनी यांनी २०१८ मध्ये सुरू केलेल्या ‘द वॉशिंग मशीन प्रोजेक्ट’ या उपक्रमातून ‘दिव्या’ नावाचे हस्तचलित यंत्र तयार करण्यात आले. तमिळनाडूतील एका खेड्यात काम करीत असताना शेजारच्या स्त्रीला हाताने धुणे धुताना होणारा त्रास पाहून त्यांना ही कल्पना सुचली आणि यंत्राला तिचेच नाव देण्यात आले. त्याची फिरत्या पिंपाची रचना सिजियर यांच्या १७८२च्या यंत्राशी नाते सांगणारी आहे. इराकमधील निर्वासित छावण्यांत अशी यंत्रे पुरवण्यात आली. वीज व नळाचे पाणी यांची शाश्वती नसलेल्या कुटुंबांसाठी अडीचशे वर्षांपूर्वीचा हा प्रश्न अजूनही सुटलेला नाही, हे यावरून दिसून येते.

हे सुद्धा पहा

धुलाई यंत्र
साबण
दंतचक्र
प्रचक्र
धोबीघाट